पाच लाखांचं देणं आणि महिनाअखेर शिल्लक शून्य: हिशेब कुठे बसवावा?

पगार सात तारखेला | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी चाकणला कंपनीत आहे, राहायला भोसरीत भाड्यानं. घरात मी, बायको आणि पाचवीतला मुलगा. आईवडील गावी, सातारा जिल्ह्यात. वडिलांच्या बायपासच्या वेळी जमेल तिथून पैसे उभे केले, आणि तेव्हापासून देणी हलायला तयार नाहीत. काल दोघांनी बसून सगळं वहीत उतरवलं. तसंच्या तसं देतो.

देणी:
पहिलं क्रेडिट कार्ड १,४०,०००
दुसरं क्रेडिट कार्ड ३८,०००
पर्सनल लोन, १६ टक्के, २६ हप्ते बाकी, साधारण १,८६,०००
कंपनीची पतसंस्था, ११ टक्के, ७०,०००
फ्रिज आणि मोबाइलचे हप्ते, ७ बाकी, १५,०००
मेहुण्याकडून हातउसने ५०,०००

जमा: माझे ४६,००० हातात येतात (पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापला जातो). बायको शिवणकाम करते, त्याचे सरासरी ९,०००. एकूण ५५,०००.

खर्च: भाडं १२,५००, वाणसामान ७,५००, दूध-भाजी ५,०००, गॅस-वीज १,९००, शाळेची व्हॅन आणि क्लास ३,१००, पेट्रोल २,०००, फोन-इंटरनेट १,१००, वडिलांची औषधं २,४००, पर्सनल लोनचा हप्ता ८,५००, फ्रिज-मोबाइल २,१५०, दोन्ही कार्डांची किमान रक्कम ८,९००.

बेरीज ५५,०५०. म्हणजे पन्नास रुपये वरच जातात. आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, तरी कार्डाचा आकडा वर्षभर आहे तिथेच आहे. यातलं काय कापू?

---

सडेतोड | रविवार, रात्री ११:२०

अंथरूण पाहून पाय पसरावेत, दुसरं काय! हॉटेल, ओटीटी, ऑनलाइन शॉपिंग बंद करा. बाहेरचा चहा-वडापाव रोजचे पन्नास रुपये धरले तरी महिन्याचे पंधराशे होतात. आमच्या वडिलांनी एका पगारात चार भावंडं वाढवली, कार्ड कधी पाहिलं नाही.

---

खमंग फोडणी | रविवार, रात्री ११:३४

सडेतोड, वही वाचलीत का? त्यात हॉटेल नाही, ओटीटी नाही, वडापावसुद्धा नाही. नसलेला खर्च कसा बंद करायचा ते सांगा बुवा.

---

बिनव्याजी | सोमवार, सकाळी ७:१०

मी बँकेतून निवृत्त झालोय, काही वर्षं कार्ड विभागात काढली. कार्डाचा आकडा का हलत नाही, त्याचं उत्तर तुमच्या पहिल्या ओळीतच आहे.

बहुतेक कार्डांवर थकबाकीचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. वर्षाला नव्हे, महिन्याला. १,४०,००० वर ते ४,९०० होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८८२. एकूण ५,७८२. तुमच्या ८,९०० पैकी या कार्डाची किमान रक्कम पाच टक्क्यांनी ७,००० धरली, तर त्यातले मुद्दलात जातात १,२१८. त्या महिन्यात कार्डावर १,२०० चा किराणा घेतला की गाडी पुन्हा तिथेच.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणून थकलेलं कार्ड वापरणं आधी थांबवा. दोन्ही कार्डं पाकिटातून काढा आणि शॉपिंगच्या ॲपमध्ये साठवलेले नंबर पुसा. रुपे कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही तोडा. क्यूआर कोड स्कॅन करताना पैसे खात्यातून गेले की कार्डातून, याकडे घाईत लक्ष जात नाही.

दोन्ही कार्डं मिळून १,७८,०००. नवी खरेदी शून्य आणि दर महिन्याला न चुकता ८,९०० भरलेत, तरी या व्याजानं आणि जीएसटीनं ४३ महिने लागतील आणि ३ लाख ८५ हजारांच्या आसपास जातील. हेच १,७८,००० दहा टक्क्यांनी मिळाले तर त्याच ८,९०० मध्ये २२ महिन्यांत मोकळे. तेव्हा आधी कर्ज बदला, मग कापाकापी.

---

निवडुंग | सोमवार, सकाळी ९:४५

दहा टक्क्यांनी कोण देणार? सोनेतारण ना?

---

बिनव्याजी | सोमवार, सकाळी १०:०२

हो. राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा चांगल्या सहकारी बँकेत सोनेतारण साधारण ९ ते ११ टक्क्यांत मिळतं. पण दोन गोष्टी विचारून घ्या. मासिक हप्त्याचं कर्ज मागा. वर्षाच्या शेवटी मुद्दल-व्याज एकरकमी भरायचं असेल तर माणूस अकरा महिने निवांत राहतो आणि बाराव्या महिन्यात लिलावाची नोटीस येते. आणि दर ‘फ्लॅट’ (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) सांगितला तर घटत्या शिलकीवर (फेडून उरलेल्या रकमेवर) किती पडतो ते विचारा. तीन वर्षांचं दहा टक्के फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात अठराच्या जवळपास.

सोनं नसेल तर कार्डवाल्या बँकेलाच फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून मागा. दर सोनेतारणापेक्षा जास्त, पण महिन्याला साडेतीनपेक्षा पुष्कळ कमी.

---

रोजकीर्द | सोमवार, दुपारी १:१५

बिनव्याजी यांच्या आकडेमोडीला +१. पण मला यादीतला दुसराच प्रश्न दिसतोय. पोरगं पाचवीत आहे आणि शाळेची फी कुठेच नाही. दुचाकी आहे, विमा नाही. गणपतीला गावी जात नाही? घरात वर्षभर कुणाचं लग्न नाही? दिवाळी?

तुमची यादी प्रामाणिक आहे, पण ती ‘साध्या’ महिन्याची आहे, आणि साधा महिना कॅलेंडरात क्वचितच येतो. जूनला शाळा, भाद्रपदात गणपती, मग दिवाळी, तुळशीचं लग्न लागलं की आहेरांची रांग, मार्चमध्ये विम्याचा हप्ता. हे सगळं आजवर कार्डावर जात असणार, म्हणूनच एकही हप्ता न चुकवता आकडा तिथेच. एवढी यादी करा, मग बोलू.

---

सडेतोड | सोमवार, दुपारी २:०५

आहेर कशाला करायचे पण कर्ज असताना? शुभेच्छा द्याव्यात आणि जेवून यावं.

---

खमंग फोडणी | सोमवार, दुपारी २:११

तुमच्याकडचं लग्न असेल तेव्हा सांगा, मी शुभेच्छा घेऊन येते. :)

---

पगार सात तारखेला | सोमवार, रात्री ९:४०

रोजकीर्द, नेमकं बोट ठेवलंत. मागच्या वर्षीची कार्डाची स्टेटमेंट्स काढून बसलो. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश मिळून २२,०००. विम्याची पॉलिसी १४,४००. दिवाळी १२,०००. लग्नं, बारसं, वास्तुशांत १०,०००. गणपतीला गावी जाणं-येणं आणि तिथला खर्च ६,०००. किरकोळ आजारपण ६,०००. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. एकूण ७५,४००.

बाराने भागलं तर महिन्याला ६,३०० च्या आसपास. हा खर्च वहीत नव्हताच. दिवाळीचा बोनस साधारण २५,००० येतो, तो आजवर कार्डात भरत आलो.

---

रोजकीर्द | सोमवार, रात्री १०:२५

आता चित्र पूर्ण झालं. ५५,००० मध्ये महिन्याला सहा हजारांची तूट होती आणि ती कार्ड भरून काढत होतं. म्हणजे सोनेतारण करून कार्डं शून्यावर आणलीत आणि हे ६,३०० बाजूला टाकायची सोय केली नाहीत, तर वर्षभरात सोनंही गहाण असेल आणि कार्डही पुन्हा भरलेलं. नातेवाइकांत दोन घरं अशी पाहिलीत.

वेगळ्या बँकेत एक खातं उघडा. त्याला यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड घेतलंच तर कपाटात ठेवा. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ६,३०० आपोआप तिकडे जातील अशी सूचना बँकेला द्या. जूनची फी, गणपती, आहेर सगळं त्यातूनच. कापाकापी कितीही करा, या खात्यात पैसे पडले नाहीत तर उपयोग नाही.

जुळवून पाहू. कार्डं सोडून तुमचा खर्च ४६,१५०. त्यात वर्षाचे ६,३००. सोनेतारण १,७८,००० तीन वर्षांसाठी, हप्ता ५,७५० च्या आसपास. बेरीज ५८,२००. अजूनही तीन हजारांवर कमी पडतात. आता विचारा काय कापू. आधी विचारलं असतंत तर कुणीतरी दूध कमी करायला सांगितलं असतं.

---

पगार सात तारखेला | मंगळवार, सकाळी ११:३०

(त्यांची बायको लिहितेय, आयडी त्यांचाच.)

सगळ्यांचं वाचलं. दोन गोष्टी सांगायच्या होत्या.

शिवणकामाचे नऊ हजार हे सरासरी आहेत. लग्नसराईत आणि नवरात्र-दिवाळीच्या आधी पंधरा हजारसुद्धा होतात, रात्री बारापर्यंत मशीन चालू असतं. पितृपक्षात आणि पौषात कुणी ब्लाउज टाकत नाही, तेव्हा तीन-चार हजारांवर येतं. ह्यांनी सरळ नऊ लिहिलेत.

दुसरं सोन्याचं. माझ्या दोन बांगड्या आणि गोफ आहे, ते मी देईन. पाटल्या माझ्या आईच्या आहेत. त्या ठेवायच्या नाहीत. मग कमी कर्ज मिळालं तरी चालेल.

---

आत्याबाई | मंगळवार, दुपारी १२:१०

वहिनी, पाटल्या राहू द्याच. पहिल्या मोठ्या कार्डापुरते पैसे बांगड्या-गोफात मिळाले तरी पुरे, सध्या सोन्याचा भाव चढा आहे. दुसरं ३८ हजारांचं कार्ड हप्त्यांत पाडून घ्या. दागिने ठेवताना बँकेतून वजनाची आणि शुद्धतेची पावती घ्या, फोटो काढून ठेवा.

शिवणकामाबद्दल: हिशेबात नऊ धरूच नका, पाच धरा. वर जे येईल ते त्या वेगळ्या खात्यात. म्हणजे लग्नसराईचे पैसे पितृपक्षात कामाला येतील. आणि गिऱ्हाइकाकडून अस्तर, फॉल, हुक यांचे पैसे आधीच घेत जा हो, उधारीवर शिवून देण्यात किती अडकतात ते मला ठाऊक आहे.

---

रोजकीर्द | मंगळवार, दुपारी १२:४०

आत्याबाईंशी सहमत. वेगळ्या खात्याचे पैसे सगळेच पगारातून जायला हवेत असं नाही. बोनसचे २५ हजार महिन्याला दोन हजारांहून थोडे जास्त पडतात, ते आणि शिवणकामाचं वरचं धरून खातं भरू द्या. पगारातून जाईल ती रक्कम तेवढी कमी करा.

---

निवडुंग | मंगळवार, दुपारी ३:५०

पॉलिसीचे १४,४०० खटकतात. एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) असेल तर हप्ते थांबवून पेड-अप करता येते का पाहा. आधीच भरलेलं बुडत नाही, मुदतीला त्या प्रमाणात मिळतं. त्यातले चार-पाच हजार साध्या टर्म विम्यावर (बचत नाही, फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे) घालवलेत तर आज आहे त्यापेक्षा कितीतरी पट संरक्षण मिळेल. एवढं देणं डोक्यावर असताना टर्म विमा नसणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

---

बिनव्याजी | मंगळवार, दुपारी ४:२०

सहमत, पण एक दुरुस्ती: आधी टर्म विमा हातात येऊ द्या, मग जुनी पॉलिसी थांबवा. आणि किती वर्षं हप्ते भरलेत ते पाहा. मुदत संपायला दोन-तीन वर्षंच राहिली असतील तर हात लावू नका.

---

कोपरखळी | मंगळवार, रात्री ८:१५

एक शंका. पर्सनल लोन मोठं आहे, बोनस आला की ते आधी फेडू नये का? आणि मेहुण्याचे पन्नास हजार आधी द्यावेत असं मला वाटतं, नात्यात पैसा राहिला की जेवणाच्या पंगतीत सलतो.

---

बिनव्याजी | मंगळवार, रात्री ९:००

पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं, मुदतीआधी फेडलं तर त्यावर आकार लागू शकतो. करारपत्र काढून बघा. आकार धरूनही फायदा होत असेल तरच. क्रम माझ्या मते असा: कार्डं, मग १६ टक्क्यांचं लोन, शेवटी पतसंस्था. पतसंस्थेचं व्याज कमी आहे आणि हप्ता पगारातून जातो. शिवाय तिथे कंपनीतलेच दोन जामीनदार असणार, त्यामुळे ते खातं कधीही थकू द्यायचं नाही. आपला हप्ता चुकला की शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या पगाराला कात्री लागते.

---

रोजकीर्द | मंगळवार, रात्री ९:३५

मेहुण्याबद्दल कोपरखळींशी अर्धी सहमत. व्याज नाही म्हणून हिशेबानं ते शेवटी येतं. पण त्यांना आजच फोन करून तारीख सांगा. गप्प राहणं सगळ्यात जास्त सलतं. फ्रिज-मोबाइलचे हप्ते संपले की ते २,१५० दर महिन्याला त्यांच्याकडे वळवा. पन्नास हजारांना दोन वर्षं लागतील, पण दर महिन्याला फोनवर मेसेज येत राहील.

---

शांत संध्याकाळ | बुधवार, रात्री ११:५५

धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. माझ्या भावानं मोबाइलवरच्या एका ॲपवरून कर्ज घेतलं होतं. आता रात्री-अपरात्री फोन येतात, त्याच्या फोनमधल्या ओळखीच्या लोकांनाही मेसेज गेलेत. तो घराबाहेर पडत नाहीये. काय करावं?

---

बिनव्याजी | गुरुवार, सकाळी ६:४०

ताई, आधी भावाला एकटं सोडू नका आणि घरातल्यांना सांगा. ओळखीच्यांना असे मेसेज करायचा अधिकार कुणालाही नाही. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

ॲपच्या मागे नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था आहे का ते कर्जाच्या कागदांवर पाहा. असेल तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार. महिन्यात समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. मागे कुणीच नसेल तर तो सायबर गुन्हा आहे: १९३० ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात स्क्रीनशॉटसकट तक्रार द्या. एक ॲप फेडायला दुसऱ्या ॲपवरून कर्ज अजिबात नको. व्यनि (खासगी निरोप) करता का? नाव न घालता कागद पाठवलेत तर पाहून सांगतो.

---

निवडुंग | गुरुवार, सकाळी १०:१५

यालाच जोडून: ‘कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ अशा जाहिराती फिरतायत. फी आधी घेतात आणि हप्ते थांबवायला सांगतात. तडजोड झाली तरी सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात) ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढे घरकर्ज मागायला गेलात की तो शेरा आडवा येतो. पगार चालू असताना त्या वाटेला जाऊ नये. असे अहवाल देणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षाला एकेक पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, आपण काढलेलंच नाही असं एखादं कर्ज त्यात दिसतंय का तेही कळतं.

---

पगार सात तारखेला | पुढच्या महिन्यात, रविवार

काय झालं ते कळवतो.

बांगड्या आणि गोफावर सहकारी बँकेतून १,४०,००० मिळाले, दहा टक्के, तीन वर्षं, हप्ता ४,५१७. पहिलं कार्ड त्याच दिवशी भरलं. दुसऱ्या कार्डाचे २४ हप्ते पाडून घेतले, १,८६० चा एक, दर १६ टक्के. म्हणजे ८,९०० च्या जागी ६,३७७, आणि आता त्यातलं मुद्दल खरंच कमी होतंय.

पेट्रोल बंद करून कंपनीच्या बसनं जातो, तिचे ८०० कापतात. दोघांचे फोनचे प्लॅन बदलले, ४०० वाचले. क्लास बंद करणार होतो, पण पोराचं गणित कच्चं आहे, म्हणून ठेवला. टर्म विम्याचा अर्ज केलाय, पॉलिसीचा निर्णय त्यानंतर. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला मी तर विसरलोच होतो, पण आवाजावरून विसरलेला वाटला नाही.

वेगळं खातं उघडलंय. पगारातून सध्या साडेतीन हजारच जातात, शिवणकामाचं वरचं आलं की ते टाकतो. अडचण अशी की पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे आणि खात्यात अजून पुरेसं नाही. आणि बायको ज्या भिशीत आहे, तिचे महिन्याचे हजार रुपये वाणसामानातून जायचे, ते मला आत्ता कळलं. भिशी मोडावी का?

---

आत्याबाई | रविवार, रात्री १०:०५

मध्येच मोडलीत तर बाकीच्या बायका अडचणीत येतात आणि वहिनींची पत जाते. नंबर लागायचा असेल तर पुढचा नंबर मागून घ्या, अडचण सांगितली की सहसा देतात. ती रक्कम सरळ त्या वेगळ्या खात्यात टाका. लग्नाचं त्यातून निघेल, उरेल ते जूनच्या फीला. फेरी पूर्ण होईपर्यंत हजार रुपये वाणसामानात लपवू नका, वहीत ‘भिशी’ म्हणून वेगळी ओळ करा.

आणि चुलतबहिणीला साडी वहिनींनी घरीच फॉल-पिको करून, ब्लाउज शिवून द्यावी. बाहेर त्याच शिलाईचे लोक हजार रुपये मोजतात.

---

खमंग फोडणी | रविवार, रात्री १०:२०

आणि सडेतोड यांना आमंत्रण पाठवा. शुभेच्छा घेऊन येतील.

---

सडेतोड | रविवार, रात्री १०:३१

येईन. जेवणात मठ्ठा आहे ना?